आधी उकरून पाहा!



बारावीचा निकाल लागला, की आमच्या अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम येथे, दोन प्रकारची घरे दिसतात. काही घरांत पेढे वाटले जातात. काही घरांचे दार भरदुपारी ओढून घेतलेले असते. पेढेवाल्या घरांना कोणाच्या सल्ल्याची गरज नसते. आजचा हा लेख ओढलेल्या दारामागच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे.

तुमच्या आजोबांच्या वेळी या पायरीला प्री-युनिव्हर्सिटी किंवा इंटर म्हणत. नाव बदलले, पण पायरी तीच आहे आणि तिच्यावर ठेच लागल्यावर पडणारा प्रश्नही तोच आहे: आता पुढे काय करायचे? पुन्हा बसायचे, की वाट बदलायची?

या प्रश्नाचे उत्तर मला एका शेतात मिळाले. ती हकीकत आधी सांगतो.

मूर्तिजापूरजवळचे वावर

1998 साली मी बारावी झालो. त्या काळी अभियांत्रिकीचा प्रवेश बारावीच्या गुणांवरच ठरत असे. मला गणितात शंभरांपैकी 47 मिळाले आणि अभियांत्रिकीचे स्वप्न एका ओळीत संपले. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांना म्हणालो, “मी पुन्हा वर्षभर बारावीच करतो.” खरे सांगायचे तर हा निर्णय नव्हता. माझा जिवलग मित्र पुन्हा बसणार होता, म्हणून मीही बसणार होतो.

वडील काही बोलले नाहीत. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर वेगळीच चिंता होती. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या वावरात कपाशी लावून झाली होती आणि पावसाने दडी मारली होती. गावात जो तो दुबार पेरणीची भाषा करीत होता. शेजाऱ्याने तर बियाण्याची नवी थैली आणलीही होती. वडिलांनी मला सोबत घेतले. हातात फक्त एक खुरपे. मी म्हणालो, “बाबा, सगळं गेलंच आहे. बी आणू आणि पेरून टाकू.”

ते म्हणाले, “पयले उकरून तं पाय, मंग बोल. कायले घाई करतं?”

मग आम्ही तासभर ठिकठिकाणी माती उकरून पाहिली. जमिनीखाली तीन प्रकारचे बी सापडले. सखल भागात ओल होती. तिथे बहुतेक बी उगवले होते, मधेमधे जागा रिकामी होती इतकेच. मधल्या पट्ट्यात सरकी कोरडी पण टणक होती. तिला पाणीच मिळाले नव्हते, म्हणून ती थांबली होती. तिच्यात जीव होता. वरच्या बरड तुकड्यात मात्र कोंब फुटून वाळून गेले होते. ते बी आता कितीही पाऊस आला तरी उगवणार नव्हते.

वरून पाहता सगळे वावर सारखेच काळे दिसत होते. खाली मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या आणि तिघींचा उपायही निराळा होता. वडिलांनी सखल भागात नांग्या भरल्या. मधला पट्टा पावसाची वाट पाहत तसाच राहू दिला. वरच्या तुकड्यात जुलैच्या पावसावर कपाशीऐवजी तूर पेरली. नवी थैली आणून सगळे वावर मोडले असते, तर जिवंत बीसुद्धा मेले असते आणि पैसेही गेले असते.

गुण म्हणजे काय?

आता थोडे भौतिकशास्त्र पाहू. तुम्ही प्रयोगशाळेत स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजला आहे. नेहमीच्या स्क्रू गेजचे लघुतम माप 0.01 मिलिमीटर असते. व्यास मोजताना आपण तीन पथ्ये पाळतो. शून्य त्रुटी पाहतो, एकाहून अधिक वेळा वाचन घेतो, आणि आपण नेमके काय मोजले हे विसरत नाही. व्यास कितीही अचूक मोजला, तरी तार तांब्याची आहे की लोखंडाची, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

गुणपत्रकही असेच एक वाचन आहे. ते खोटे नसते, म्हणून त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. पण त्याने काय मोजले? ठरावीक दिवशी, तीन तासांत, तुम्ही कागदावर जे उतरवले ते. तुम्हाला किती समजते आणि तुमचा कल कुठे आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पण गुण म्हणजे वरून दिसणारी काळी माती. खाली कोणते बी आहे हे पाहायचे तर उकरावेच लागते.

घरच्या घरी एक प्रयोग

हा प्रयोग मी त्या जूनमध्ये स्वतःवर केला आणि पुढे अनेक विद्यार्थ्यांकडून करून घेतला. त्याला एक घड्याळ आणि दोन रंगांची पेने लागतात.

ज्या विषयात घसरगुंडी झाली, त्याचीच प्रश्नपत्रिका घ्या. एकट्याने बसा आणि निळ्या पेनाने बरोबर तीन तास सोडवा. वेळ संपली की रेघ मारा. मग लाल पेन घ्या आणि घड्याळ न पाहता राहिलेले सोडवा. पुस्तक मात्र बंदच. शेवटी शिक्षकांकडून किंवा एखाद्या प्रामाणिक मित्राकडून तपासून घ्या आणि तीन बेरजा करा. निळ्याने मिळालेले गुण म्हणजे उगवलेले बी. लाल पेनाने मिळालेले गुण म्हणजे कोरडे पण जिवंत बी, म्हणजे येत होते पण वेळ पुरला नाही. आणि दोन्ही पेनांनी जे जमले नाही, ते म्हणजे वाळलेले किंवा कधी पेरलेच न गेलेले बी.

एक खरे उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी अकोल्याची एक विद्यार्थिनी वडिलांसह माझ्याकडे आली. भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेत 70 पैकी 21, प्रात्यक्षिकात 30 पैकी 28, म्हणजे एकूण 49. रसायनशास्त्रात 54, गणितात 42. वडील म्हणत होते, “सर, हिला शास्त्र झेपत नाही.” मी प्रयोग करायला लावला. भौतिकशास्त्रात निळ्या पेनाचे गुण आले 26. पुढच्या सव्वा तासात लाल पेनाने आणखी 19 मिळवले. म्हणजे 70 पैकी 45 गुणांइतके तिला येत होते!

अडचण वेगाची होती. 70 गुणांना 180 मिनिटे, म्हणजे एका गुणाला सुमारे अडीच मिनिटे. चार गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटे. ही मुलगी पहिल्याच लांबलचक प्रश्नावर पंचवीस मिनिटे घालवीत होती. झेपत नाही आणि वेळ पुरत नाही, या दोन वेगळ्या व्याधी आहेत. एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही.

दोन विद्यार्थी, दोन धडे

आता तुम्ही म्हणाल, “सर, पुन्हा बसावे की नाही ते सांगा.” त्यासाठी इतिहासातले दोन विद्यार्थी पाहू.

पहिले लोकमान्य टिळक. 1870 च्या दशकात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी व्यायाम, पोहणे आणि कुस्ती यांत घालवले आणि त्या वर्षीच्या परीक्षेत ते नापास झाले. पण वर्ष कुठे गेले हे त्यांना पक्के ठाऊक होते. कारण दूर झाल्यावर त्यांनी अभ्यासाकडे मोर्चा वळवला आणि पुढे गणित घेऊन ते बी.ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. 1893 साली त्यांनी ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात संपातबिंदू नक्षत्रांतून सरकतो या खगोलीय गतीचा आधार घेऊन वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न आहे. तो निष्कर्ष आज सर्वांना मान्य नाही, पण त्यातली गणिताची बैठक पाहण्यासारखी आहे.

दुसरे श्रीनिवास रामानुजन. 1904 साली ते शिष्यवृत्ती घेऊन कुंभकोणमच्या कॉलेजात गेले. गणितापुढे बाकी विषयांकडे पाहिले नाही आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला एफ.ए.च्या, म्हणजे आजच्या बारावीच्या जवळपासच्या परीक्षेला ते 1906 मध्ये बसले आणि नापास झाले. 1907 मध्ये पुन्हा बसले, पुन्हा नापास. असे का झाले? दुसऱ्या वेळी त्यांनी काहीच बदलले नव्हते. तोच अभ्यास, त्याच विषयांकडे तेच दुर्लक्ष. प्रयोगाची सगळी स्थिती तीच ठेवली, तर निष्कर्ष वेगळा कसा येणार? पुढची कित्येक वर्षे त्यांनी गरिबीत काढली. 1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची कारकुनी मिळाली. 1913 च्या जानेवारीत त्यांनी आपले गणित केंब्रिजच्या हार्डींना पाठविले, तेव्हा कुठे दार उघडले. 1918 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

रामानुजन नापास झाले म्हणून मोठे झाले, असे कोणी सांगितले तर मानू नका. त्यांच्या वह्या गणिताने भरलेल्या होत्या, म्हणून ते मोठे झाले. नापास होण्याने त्यांचे हालच झाले.

यातून एक सोपी कसोटी निघते. पुन्हा बसायचे असेल, तर एका कागदावर लिहा: “या वेळी मी अमुक गोष्ट वेगळी करणार आहे.” वाक्य पूर्ण होत असेल तर जरूर बसा. “या वेळी जास्त मेहनत करीन” हे उत्तर चालणार नाही. रोज किती वेळ, कोणता विषय, कोणाकडून तपासून घेणार, हे लिहिता आले पाहिजे. वाक्य पूर्ण होत नसेल, तर ती दुबार पेरणी नव्हे, नुसते बी वाया घालवणे आहे.

वापसा मुदतीचा असतो

शेतीत जसा वापसा, तशी इथे मुदत असते. आपल्या अपेक्षेपेक्षा गुण फारच कमी वाटत असतील, तर गुणपडताळणी किंवा उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. माझ्या वेळी अशी सोय असती तर प्रयोगाची गरजच पडली नसती. उत्तरपत्रिका हाती येणे म्हणजे प्रत्यक्ष माती उकरणेच. एकदोन विषयांच्या नांग्या भरायच्या असतील, तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. उत्तीर्ण असूनही गुण वाढवायचे असतील, तर श्रेणीसुधार योजना आहे. या सर्वांची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून रडून झाले की त्याच संध्याकाळी तारखा लिहून काढा.

मग नियम वाचा. पुष्कळ मुले न वाचताच दार बंद समजतात. आज अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. बारावीत संबंधित विषयांत सर्वसाधारण प्रवर्गाला 45 आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. त्या अकोल्याच्या मुलीची तीन विषयांची बेरीज 145, म्हणजे 48 टक्क्यांहून अधिक होती. ती पात्र होती आणि तिला ते माहीतच नव्हते! (नियम बदलतात. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.)

शेवटी तिने वेगळे पीक निवडले. बारावी विज्ञान झालेल्यांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एकूण एक वर्ष जास्त लागते, पण हात चालवत शिकता येते. प्रात्यक्षिकात 28 गुण मिळविणाऱ्या मुलीला हे मानवले. ती आज पदवीच्या वर्गात आहे.

आणि माझे? लाल पेनाने गणितात फारशी भर पडली नव्हती. भौतिकशास्त्रात मात्र निळ्यानेच पान भरले होते. म्हणून मी पुन्हा बसण्याचा हट्ट सोडला आणि अमरावतीला बी.एस्सी.ला नाव घातले. माझा मित्र पुन्हा बसला आणि अभियंता झाला. त्याचे वर्ष आजारपणात गेले होते, म्हणून त्याचे बी कोरडे पण जिवंत होते. दोघांचे निर्णय वेगळे आणि दोघांचेही बरोबर.

पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती. निकालानंतरचे पहिले दोन दिवस मुलाला एकटे सोडू नका आणि शेजारच्या मुलाचे गुण सांगू नका. आणि मित्रांनो, मनात फारच अंधार दाटला, तर घरच्यांना नाही तर निदान एका शिक्षकाला हाक मारा. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. त्यात कमीपणा नाही.

मधल्या पट्ट्यातल्या त्या कोरड्या सरकीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पाऊस आठ दिवसांनी आला. पाचव्या दिवशी सकाळी वडिलांनी मला बांधावर बोलावले. काळ्या मातीतून हिरव्या रेघा वर आल्या होत्या.