तेलाच्या वाटेवर कुठे उभे राहायचे?

नागपूरच्या आसपास खनिज तेलाची एकही विहीर नाही. इथल्या माणसाला तेल म्हटले की सरकी आणि जवस आठवतात. १९४२ साली स्थापन झालेल्या आमच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये ‘ऑइल टेक्नॉलॉजी’ म्हणजेसुद्धा प्रामुख्याने खाद्यतेल. मी तिथून केमिकल इंजिनिअर झालो आणि निघालो ते थेट समुद्रातल्या रिगवर, ‘मड इंजिनिअर’ म्हणून. विहीर खोदताना बेंटोनाइट, बॅराइट घालून जड केलेला जो द्रव आत फिरवतात, त्याला मड म्हणतात. जमिनीखालच्या वायूचा दाब तोलून धरणे हे त्याचे मुख्य काम. महालातले आमचे काका मात्र ‘पोरगा समुद्रात चिखल कालवतो’ असेच सांगत, आणि ते फारसे खोटेही नव्हते.

२०१५ मध्ये ही नोकरी गेली. जून २०१४ मध्ये ब्रेंट तेलाचा भाव पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्याही खाली आला. जगातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्र-सेवा कंपनीने, श्लंबर्जरने, २०१५ च्या पहिल्या चार महिन्यांतच एकूण २०,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले होते. त्या लाटेत माझ्यासारख्या किरकोळ माणसाचा हिशेब कोण ठेवतो!

रिगवर सगळे ‘ले-ऑफ झाला’ असे म्हणतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मात्र ले-ऑफ आणि कपात हे दोन वेगळे प्रकार होते. ले-ऑफमध्ये काम तात्पुरते थांबते, हजेरीपटावर नाव राहते. कपातीत संबंधच तुटतो. आमची झाली ती कपात, पण मनात धरली ती ले-ऑफची आशा. भाव चढले की बोलावतील! ही आशा अगदीच खोटी नसते, म्हणूनच ती घातक. तिच्यापायी माणूस पुढची नोकरीही तशीच शोधतो.

माझे सहकारी तेव्हा विचारत होते, कुठला देश, कुठली कंपनी? मला वाटते, त्याआधीचा प्रश्न निराळा आहे. विहिरीपासून पेट्रोलपंपापर्यंत तेलाची एक लांब वाट आहे. तिच्यावर आपण नेमके कुठे उभे आहोत?

भाव कोसळला तरी चालू विहीर सहसा बंद करत नाहीत. तिच्यावरचा मोठा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. थांबते ती नवी विहीर. रिगचे भाडे दिवसाच्या दराने असते, तेव्हा सर्वांत आधी तीच परत पाठवतात, आणि तिच्याबरोबर खोदाईवाले, सिमेंटवाले, मडवाले, हेलिकॉप्टरवाले, थेट जेवणाचा कंत्राटदारही जातो. रिफायनरीचे गणित वेगळे. तिला कच्चे तेल हा कच्चा माल; तिची कमाई विकत घेतलेल्या तेलाचा भाव आणि विकलेल्या डिझेल-पेट्रोलचा भाव यांच्यातल्या फरकावर. तेल स्वस्त झाले की लोक गाड्या जास्त चालवतात आणि हा फरक बरेचदा सुधारतो. म्हणजे माझ्या हाती कपातीचे पत्र पडत होते, त्याच सुमाराला रिफायनऱ्या चांगल्या चालल्या होत्या. उद्योग एकच, पण एकाचे सुतक तेव्हा दुसऱ्याची वरात.

माझ्यासमोर तेव्हा तीन वाटा होत्या. सरकारी कंपनीची चौथी वाट वयाने बंद केली होती; तिथे इंजिनिअरांची भरती साधारण तिशीपर्यंतच.

पहिली आखाताची. अठ्ठावीस दिवस काम, अठ्ठावीस दिवस घर, आणि पगार इथल्या तिप्पट. पण तिथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की देशही सोडावा लागतो. सौदी अरेबियाने २०११ मध्ये आणलेल्या निताकात योजनेनंतर स्थानिकांना घेण्याचे बंधन कडक झाले होते. १९९० मध्ये कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी आणावे लागले, हे आमच्या पिढीने ऐकलेले होतेच. शिवाय काम पुन्हा खोदाईचेच. देश बदलला तरी वाटेवरची जागा तीच राहणार होती.

दुसरी वाट मुंबई हायवर कंत्राटदाराकडे. समुद्र ओळखीचा, घर जवळ. पण एकाच फलाटावर कायम नोकर आणि कंत्राटी माणूस यांच्यातला फरक मी पाहिलेला होता. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा आणि वरप्रदा ही टग बुडून ८० हून अधिक माणसे गेली, ती कंत्राटाच्याच कामावर होती.

तिसरी वाट नागपुरातच निघाली. देशातल्या पेट्रोलियम साठवणुकीच्या सुरक्षेचा कारभार जिथून चालतो त्या ‘पेसो’चे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे, मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. हे खाते १८९८ पासूनचे. पेट्रोलपंपाची जमिनीखालची टाकी असो की बोरखेडीचा इंधन डेपो, १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखालचे नियम सगळ्यांना लागू, आणि त्यांत टाक्यांची ठरावीक काळाने तपासणी आली. पिंप तीस डॉलरचे असो की एकशे तीसचे, टाकीच्या तळाचा पत्रा गंजायचा थांबत नाही. टाकी रिकामी करून आतला वायू काढायचा, माणूस आत जाण्याजोगी आहे असा दाखला घ्यायचा, मग पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजत तळभर फिरायचे. कामात ऐट नाही. पगार रिगच्या निम्म्याहून कमी. मुलगी तेव्हा दहावीत होती आणि घराचे हप्ते रिगच्या पगारावर बेतलेले होते, म्हणून हे लिहितो तितके सोपे ते नव्हते. घरी दोन महिने वही-पेन्सिल चालली. शेवटी आम्ही वर्धा रोडवरचा फ्लॅट विकून लहान घरात गेलो आणि मी टाक्यांकडे वळलो.

माझ्या गणिताला २०२० ने धक्का दिला. टाळेबंदीत गाड्याच थांबल्या, त्यामुळे रिफायनऱ्यांनाही झळ लागली. तेल स्वस्त म्हणजे रिफायनरी सुखात, हा नियम काही पक्का नाही. २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल फुकट नेणाराही मिळेना, कारण ठेवायला जागा उरली नव्हती. जग तेव्हा टाक्या शोधत होते. आपल्याकडे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथले भूमिगत राखीव साठे त्याच स्वस्ताईत भरून घेतले गेले. आमचे काम काही आठवडे थांबले, मग अंगावर आले.

२०२२ मध्ये भाव पुन्हा शंभरापार गेला आणि रिगवाल्यांचे फोन सुरू झाले. जुन्या टोळीतले दोघे परत गेले, एक अबुधाबीला, एक मुंबई हायवर. मलाही फोन आला. दिवसाचा दर ऐकून मी तो कागदावर लिहून ठेवला, बायकोला दाखवला. ती हसली आणि म्हणाली, “विचारा त्यांना, किती महिन्यांसाठी?” मी विचारले. सहा, असे उत्तर आले. पुढचे भाव बघून.