छप्पर आधी, रंग नंतर : एका लाकडी विमानाची निगा

विमानांचे संग्रहालय म्हटले की डोळ्यांसमोर चकचकीत रंगवलेली विमाने येतात. ती तशी राहतात कशी, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. आज एकच विमान घेऊ आणि त्यावरून ते समजून घेऊ.

लंडनच्या उत्तरेला सॅलिसबरी हॉल नावाचा जुना वाडा आहे. १९३९ मध्ये डी हॅविलँड कंपनीचे अभियंते इथे आले आणि ‘मॉस्किटो’ या युद्धविमानाचा आराखडा इथे तयार झाला. त्याचा पहिला नमुना २५ नोव्हेंबर १९४० रोजी उडाला. युद्धानंतर तो नष्टच व्हायचा, पण कंपनीतल्या माणसांनी वाचवला. वाड्याचे मालक वॉल्टर गोल्डस्मिथ यांनी त्याला जागा दिली, आणि १९५९ मध्ये संग्रहालय सुरू झाले. आजही तिथली बरीचशी कामे स्वयंसेवक करतात.

आता गंमत बघा, हे विमान लाकडाचे आहे. बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड. धडाचे दोन अर्धे भाग, शेंगेच्या दोन फाकांसारखे, वेगवेगळे करून मग जोडलेले. वरून ‘मदापोलम’ हे सुती कापड. हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या गावाचे, बरं का!

लाकडाचा शत्रू म्हणजे ओल. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि तो सगळा ताण सरसाच्या सांध्यावर येतो. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो हवेतच मोडली. तपासणीत पंखांचे सांधे सुटलेले आढळले आणि विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. दोष हवेचा किती, बांधणीचा किती, यावर वाद झाला. पण धडा स्पष्ट आहे: सांधा गेला की विमान गेले.

म्हणून दुरुस्ती रंगापासून सुरू होत नाही. आधी प्लायवूडवर हलकेच टकटक करून ऐकायचे. आवाज भरीव आला तर सांधा बहुधा ठीक, पोकळ आला तर आत काहीतरी सुटलेले. त्याच्याही आधी हँगरचे छप्पर, पन्हळी, गळती आणि आतला दमटपणा. पन्हळीतला पालापाचोळा काढणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. पण ती तुंबली, तर वर्षभराची सुतारकी एका पावसाळी रात्रीत वाया जाऊ शकते. जुन्या घड्याळ-मापकांवर रेडियमचा रंग असतो, तेही उघडून पुसायचे नाहीत, त्यासाठी जाणकार लागतो.

आणखी एक पेच आहे. १९४१ मध्ये चाचण्यांच्या वेळी या नमुन्याचे धड तडकले आणि दुसऱ्या नमुन्याचे धड बसवले गेले. मग ‘मूळ’ कशाला म्हणायचे? आपल्या मते ती अदलाबदलही इतिहासच आहे. म्हणून काढायचे कमीत कमी, आणि काढण्यापूर्वी फोटो, क्रमांक, नोंद.

ही नोंदच सगळ्यात महत्त्वाची. स्वयंसेवकांत निवृत्त मंडळी पुष्कळ असतात. हातातले कसब वहीत उतरले नाही, किंवा शेजारी कोणी तरुण उभा राहिला नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाते. तुटलेली फळी पुन्हा करता येते. ती कशी बसवली होती, हे सांगणारा माणूस पुन्हा मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशा संग्रहालयात गेलात, तर विमान बघून झाल्यावर एकदा वर छपराकडेही बघा.