न मागता आलेली नाणी : आभासी मालमत्तेच्या हिशेबातील बनावट टोकन

इथेरियम किंवा तत्सम साखळीवर ज्यांचे खाते आहे, अशा अनेकांना एक विलक्षण अनुभव येतो. हिशेब ठेवणारी आज्ञावली उघडावी, तो कालपर्यंत नसलेले एखादे टोकन यादीत दिसावे आणि त्यापुढे लाखो रुपयांचे मूल्य नोंदलेले असावे. ते कोणी पाठविले व कशासाठी, याचा काहीच बोध होत नाही. अशा आगंतुक टोकनांचे काय करावे, याची माहिती या मालमत्तेचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे. हे व्यवहार करावेत की नाहीत, हा प्रश्न निराळा असून त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की टोकन खातेदाराच्या थैलीत येऊन पडत नाही. इथेरियमवर २०१५ साली मांडण्यात आलेल्या ईआरसी-२० या प्रमाणपद्धतीनुसार प्रत्येक टोकनाची स्वतंत्र वही असते व कोणाच्या नावे किती टोकन आहेत, याची नोंद त्या वहीत होते. ती वही कोणीही उघडू शकतो. परगावच्या एखाद्या अनोळखी इसमाने आपल्या घरच्या चोपडीत तुमच्या नावापुढे दहा हजार खंडी भात लिहून ठेवले, तर त्याला तुमची संमती लागत नाही आणि तुमच्या कोठारात एक दाणाही वाढत नाही. येथेही तोच प्रकार होतो. ज्या साखळ्यांवर व्यवहाराचे शुल्क अल्प आहे, तेथे हजारो पत्त्यांवर अशा नोंदी करणे फारसे खर्चाचे नसते.

मग किंमत कोठून दिसते? समजा, एखाद्याने आपली १०० टोकन व ५,००० रुपयांचे खरे चलन एका विनिमय-कोषात ठेवले. तेथे एका टोकनाचा भाव ५० रुपये ठरतो. त्यानंतर तो तुमच्या नावे २०,००० टोकन लिहितो आणि आज्ञावली सरळ गुणाकार करून १० लाख रुपये दाखविते. वस्तुतः त्या कोषात एकंदर ५,००० रुपयेच आहेत. पुष्कळदा तर वहीतच अशी तजवीज असते, की टोकन विकत घेता येते, परंतु विकता येत नाही.

खरा धोका यापुढे आहे. टोकनाच्या नावातच संकेतस्थळाचा पत्ता गोवलेला असतो व तेथे बक्षीस मिळेल असे भासविले जाते. खातेदार तेथे जातो आणि ‘अनुमती’ म्हणून स्वाक्षरी करतो. ती अनुमती बहुधा त्याच्याजवळच्या खऱ्या टोकनांसंबंधी असते आणि एकदा ती दिली, की पुन्हा न विचारता ती काढून नेता येतात. नोंद नुसती पडून राहिल्याने मात्र काहीही बिघडत नाही. तेव्हा असे टोकन विकण्याचा, परत पाठविण्याचा किंवा नष्ट करण्याचा खटाटोप करू नये. नष्ट करण्याच्या प्रयत्नात शुल्क खर्ची पडते, ते वेगळेच.

साखळीवरील नोंद पुसता येत नसली, तरी हिशेबातून ती वगळता येते. रोटकी या मुक्त स्रोत आज्ञावलीत व अन्य प्रचलित आज्ञावल्यांत टोकनावर ‘निरुपयोगी’ किंवा ‘दुर्लक्षित’ अशी खूण करण्याची सोय आहे. खूण केल्यावर त्याचे मूल्य एकूण बेरजेत धरले जात नाही. काही आज्ञावल्या अशा टोकनांच्या याद्या स्वतःच अद्ययावत करतात. पण यंत्राचा निवाडा अंतिम मानू नये, कारण नवे परंतु खरे टोकनही कधी त्यात सापडते. लपविलेली यादी अधूनमधून पाहावी. ओळख पटविताना नावावर किंवा चिन्हावर विसंबू नये, कारण दोन्ही जशीच्या तशी उचलता येतात. वहीचा ४२ अक्षरांचा पत्ता मूळ प्रकल्पाने जाहीर केलेल्या पत्त्याशी आरंभापासून अखेरपर्यंत ताडून पाहावा.

न मागता आलेले सर्वच कवडीमोल असते असेही नाही. शिबा इनू टोकनाच्या कर्त्यांनी एकूण टोकनांपैकी निम्मी टोकन इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांच्या पत्त्यावर परस्पर पाठविली होती. मे २०२१ मध्ये त्यांनी त्यांतील ५० लक्ष कोटींहून अधिक टोकन भारतातील कोविड साहाय्य निधीस दिली. त्या दिवशीच्या भावाने ती सुमारे १०० कोटी डॉलरची होती. देणगीची वार्ता पसरताच भाव कोसळला. पडद्यावरचा आकडा आणि हाती येणारी रक्कम यांतील अंतर खऱ्या बाजारातही एवढे असते.

हिशेब स्वच्छ ठेवण्यास आपल्याकडे आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला असून, त्यात एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बनावट टोकनांचे फुगीर मूल्य विवरणात शिरले, तर न झालेल्या उत्पन्नाचा घोळ निस्तरावा लागतो. खरे टोकन चुकून लपविले गेले, तर उत्पन्न दडविल्याचा दोष येतो. म्हणून खूण करताना दिनांक व कारण लिहून ठेवावे.

चुकीची अनुमती दिली गेली असल्यास ती तत्काळ रद्द करावी. खात्याचे गुप्त शब्द कोणास सांगितले गेले असतील, तर रद्द करणे पुरत नाही, उरलेली मालमत्ता नव्या खात्यावर हलवावी लागते. त्यानंतर १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी व व्यवहाराचा क्रमांक, दोन्ही पत्ते आणि वेळ जवळ तयार ठेवावी.