पुडी बांधण्याआधी

बिब्बा दोन कामांसाठी खपतो. कुणाला तो लिंबू-मिरचीसोबत दाराला टांगायचा असतो, कुणाला औषधात घालायचा असतो. पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या मालकीण अक्का तो लगेच काढून देतात, फक्त "फोडू नका, तेल अंगाला लागलं तर फोड उठतील" एवढं बजावतात. दुसऱ्याला मात्र विचारतात, "कुठल्या वैद्यांनी सांगितलाय? शुद्ध केलेला हवा ना?" चिठ्ठी नसेल तर बरणीचं झाकण उघडतच नाही. दारावर काय टांगायचं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पोटात काय जातं याची जबाबदारी मात्र दुकानाची. गेला बराच काळ मी शनिवार-रविवारी इथं मदतीला बसते, आणि या धंद्याचं सगळं मर्म मला या एका बरणीपाशी सापडतं.

बंगळूरमध्ये अशा दुकानाला ग्रंधिगे अंगडी म्हणतात. काष्ठौषधी आणि पूजेचं सामान एकाच छपराखाली. पुण्याच्या रविवार पेठेत काष्ठौषधींची दुकानं आहेत तशी ही चिकपेट आणि अव्हेन्यू रोडच्या भागात जुन्या काळापासून आहेत. अक्कांचं दुकान आहे त्या इलेक्ट्रॉनिक सिटीला मात्र इतकं वयच नाही. केओनिक्स या सरकारी कंपनीनं 1978 साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांतल्या 332 एकरांवर ही वसाहत वसवायला घेतली, आर. के. बाळिगा यांचं ते स्वप्न. कंपन्या आल्या, पण गावांची देवळं, अमावस्या आणि जत्रा जागच्या जागी राहिल्या. आणि कंपन्यांच्या मागोमाग ओडिशा, बंगाल, बिहार, केरळ, आंध्र, तमिळनाडू इथून आणि आपल्या सोलापूर-लातूरकडून माणसं आली. प्रत्येकानं आपापली दृष्ट, आपापलं बाळंतपण आणि आपापला धूप सोबत आणला.

धुपाच्या खणापाशी हे सगळे एकत्र येतात. राळ, ऊद, लोबान, गुग्गुळ, कुंतिरिक्कम: पाच डबे शेजारी शेजारी. गुरुवारी संध्याकाळी लोबान नेणारे मुसलमान शेजारी, शुक्रवारी लक्ष्मीसाठी सांब्राणी म्हणजे ऊद नेणाऱ्या कन्नड बायका, प्रार्थनेला कुंतिरिक्कम लागणारी केरळची ख्रिस्ती कुटुंबं, अमावस्येला राळ आणि कोहळा मागणारे टॅक्सीवाले. अक्का धूप तोंडानं सांगून विकत नाहीत. काउंटरवरच्या मातीच्या धुपाटण्यात एक निखारा कायम जिवंत असतो, त्यावर खडा टाकतात. पाइनच्या राळेची भेसळ असेल तर काळा धूर निघतो आणि टर्पेंटाइनसारखा वास घशात बसतो. चांगला ऊद पांढुरका धूर देतो आणि वास मागाहून गोड होत जातो. गिऱ्हाइकानं स्वतः हुंगावं आणि मग ठरवावं. गुग्गुळाचं झाड आज नामशेष होण्याच्या काठावर आहे, म्हणून रोजच्या धुपाला गुग्गुळ मागणाऱ्याला त्या आधी राळ सुचवतात. जटामांसीचंही तेच. हिमालयातली ही मुळी अतिसंकटग्रस्त आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. केसांच्या तेलासाठी किलोनं मागणाऱ्याला ती इथं मिळत नाही.

सगळ्या धर्मांची माणसं एका काउंटरशी येणं या शहराला नवं नाही. चैत्र पौर्णिमेच्या करग उत्सवाची मिरवणूक धर्मराय मंदिरातून निघते आणि कॉटनपेटच्या तवक्कल मस्तान दर्ग्यात थांबते. तरीही दुकानात कुणाला बसायला स्टूल मिळतं आणि कुणाला फुटपाथवरूनच पैसे देऊन वाटेला लावतात, यावरून खरी गोष्ट कळते. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगप्पा इथं भंडारा आणि कवड्या घ्यायला येतात. आपल्याकडच्या जोगत्यांसारखेच ते, मराठी वाचकाला वेगळी ओळख नको. आत येतात, बसतात, नंबरानं सामान घेतात. त्यांचा भंडारा कपाळाला लागतो आणि प्रसाद म्हणून तोंडातही जातो, म्हणून अक्का बाजारातली पिवळी पूड आणत नाहीत. हळकुंडं आणून मागच्या गिरणीत दळून घेतात. रंग थोडा फिका पडतो. "अम्मा, रंग कमी आहे, पण हळद खरी आहे," असं त्या सांगतात, आणि घेणारीही मान डोलावून घेते.

एका रविवारी लातूरकडची एक मुलगी आली. नवरा कंपनीत, बाळ दोन महिन्यांचं, हातात फोन आणि फोनवर आई. आईचं म्हणणं, सव्वा महिना झाला की गुटी सुरू करायची. मी दुभाषी. अक्कांनी वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि एकेक तुकडा मांडला: हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, सागरगोटा, काकडशिंगी, अतिविष, मायफळ, जायफळ, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. फोनवरची आई खूश झाली, कारण सगळं नेमकं तेच होतं. तमिळ घरांत उरै मरुंदु नावानं यातलेच बरेच तुकडे सहाणेवर उगाळतात, त्यामुळे अक्कांना वेगळं काही शिकावं लागलं नव्हतं. मग त्यांनी सहाण पुढं घेतली, थेंबभर पाणी टाकलं आणि हिरड्याचा एक वेढा दिला. पिवळसर रेघ उठली. तोच वेढा जरा दाबून दिला तर रेघ दुप्पट जाड. "हाच घोळ आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईंच्या हाताला अंदाज होता. तुमचा-माझा हात दाबेल की सोडेल, कोण सांगणार? आणि बाळ चार-पाच किलोचं."

वेखंडाबद्दल त्या विशेष कडक आहेत. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यामुळे अमेरिकेनं 1968 सालीच वेखंड खाण्याच्या पदार्थांतून बाद केलं. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणते, पाणीसुद्धा नाही. हे सगळं मी फोनवरच्या आईला मराठीत सांगत होते आणि मला वाटलं आता ती चिडणार. ती म्हणाली, "मग माझ्या लेकीला काय देणार?" अक्कांनी तुकडे परत डब्यांत घातले आणि डिंक, अहळीव, बाळंतशेपा, खारीक अशी चार पुड्यांची जागा कागदावर केली. गुटीपेक्षा हे बिल कमी झालं की जास्त, ते मी पाहिलं नाही. वेखंडाचा तुकडा मुलीनं दृष्टीसाठी मागितला तो मिळाला. मनगटात नाही, बाळाचं तोंड पोचणार नाही असा पाळण्याच्या दांडीला उंच बांधायचा, या अटीवर.

गुंजांचं तसंच. माळेला, तराजूला, देवाला सुंदर, पण चावून गिळली तर एक गुंजही मुलाच्या जिवावर बेतू शकते. घरात लहान मूल असेल तर गुंजांची माळ इथं विकली जात नाही.

वस्तू ओळखणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. रास्ना मागितली तर उत्तरेकडच्या वैद्याला एक वनस्पती अपेक्षित असते आणि दक्षिणेकडच्याला कुलिंजनाच्या जातीचा कंद. शंखपुष्पी म्हणून इथं बऱ्याचदा गोकर्ण देतात. म्हणून चिठ्ठी कुठल्या गावच्या वैद्याची आहे हे विचारल्याशिवाय अक्का हात चालवत नाहीत. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी गेला. 2020 च्या अखेरीस मुंबईत काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आणि 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेलीच्या नावाखाली तिची दुसरी जात वापरली गेली असावी. दोघांपैकी कुणाचंही बरोबर धरा, दुकानदाराची जबाबदारी वाढतेच. तेव्हापासून इथं गुळवेलीची पूड नाही, अख्खी कांडी मिळते. अशोकाची सालही अख्खीच. तिची पूड झाली की त्यात दुसऱ्या झाडाची साल मिसळली आहे का ते कुणाच्या बापाला ओळखता येत नाही.

मालासाठी अक्का आठवड्याला चिकपेटेत जातात. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून आर. व्ही. रोडला गाडी बदलून थेट पेठेत उतरता येतं, आणि पोती आणण्यापुरतीच रिक्षा लागते. घाऊक दुकानात त्या पोत्याच्या तळात हात घालतात. वरचा माल दाखवायचा असतो. कीड आणि बुरशी तळाशी असते.

आता नकारांबद्दल. सर्वांत जास्त मागणी हत्ताजोडीची. पैसा खेचणारी दुर्मीळ मुळी म्हणून ती खपते. 2017 साली ऑनलाइन विक्रीतल्या नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा ते घोरपडीचं सुकवलेलं जननेंद्रिय निघालं, काही तर नुसते प्लॅस्टिकचे ठसे. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या अवयवांच्या व्यापाराला किमान 3 वर्षांची कैद आहे. दारी येऊन ती विकू पाहणाऱ्याला अक्का हे ऐकवतात आणि तो निघून जातो. वशीकरणाची पुडी नाही, साखर उतरवणारं कवच नाही. 1954 च्या जादुई उपायांच्या जाहिरातबंदी कायद्यात ताईत आणि मंत्रही येतात, हे फार दुकानदारांना ठाऊक नसतं. इथल्या भिंतीवर कुठल्याच रोगाचं नाव लिहिलेलं नाही.

एक मागणी हळू आवाजात येते: पाळी आणायची मुळी. तेव्हा अक्का अर्धं शटर ओढतात, मुलीला आत बसवतात, नाव विचारत नाहीत. मुळी देत नाहीत. सरकारी दवाखान्यात जायला सांगतात, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर अविवाहित बाईलाही कायद्यानं 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची सोय मिळते हे सांगतात. कुणी एकटी जायला घाबरत असेल तर सोबत जातात. त्या दिवशी दुकान उशिरा उघडतं. माझ्या मते या दुकानात घडणारी ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

रात्रपाळीच्या तरुणांना स्फटिक हवे असतात. काचेचा गुलाबी दगड अक्का ठेवत नाहीत. खरे दगड ठेवतात आणि ते कुठले हेही सांगतात: ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट आपल्या जळगाव-नाशिकच्या काळ्या बेसाल्टमधून निघतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. अकीक बहुधा खंबातचा. तिथले घासणारे कामगार दगडाच्या धुळीनं सिलिकोसिस होऊन मरत आले आहेत. मन शांत करायला घेतलेल्या वस्तूमागे हे आहे, हे विकत घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

तुमच्याही गावात काष्ठौषधीचं दुकान असेल. तिथं पूड मागू नका, अख्खी वस्तू मागा आणि दुकानदारासमोर हुंगून पाहा. हत्ताजोडी कुणी दाखवली तर वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे. आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ज्येष्ठमध घेण्याआधी ते दुकानदारालाही सांगा आणि डॉक्टरलाही, कारण ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो.