बाबूचा हिशेब

बँकेत चौतीस वर्षं काढल्यावर 'बाबू' हा शब्द कानाला नवा नव्हता. पण 2019 साली टांझानियातल्या एका खेडेगावात, शाळेच्या फाटकाशी मी जीपमधून उतरलो आणि पंधरावीस मुलं 'बाबू, बाबू' करत धावत आली, तेव्हा गांगरलोच. आपली नोकरी आपल्या आधी इथे येऊन पोचली की काय? मग कळलं, स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा. माझे पिकलेले केस पाहून मुलांनी नातं जोडून टाकलं होतं.

अरुशा शहराकडून न्गोरोंगोरोच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, लाल मातीच्या टेकडीवर ही शाळा. शेजारी मुलांची चार घरं. प्रत्येक घरात एक 'मामा'. आपल्याकडचा मामा नव्हे, तिथे मामा म्हणजे आई! एका स्नेह्याच्या ओळखीने मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो. गणित शिकवायचं आणि कोठीची वही सांभाळायची, एवढंच काम.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. 'उद्या दोनला वर्गावर या,' असा निरोप होता. मी यथास्थित जेवून, वामकुक्षी आटोपून दुपारी दोनला हजर. मुलं सकाळी आठपासून वाट पाहून गेलेली! तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक.

दिवस उजाडायच्या आत मुलं पिवळे डबे घेऊन पाण्याला जात. मग अंगण झाडणं, मक्याची पातळ पेज, शाळा. दुपारी मका आणि घेवड्याच्या दाण्यांची उसळ. रात्री 'उगाली', म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत 'मचिचा'. हा मचिचा म्हणजे आपला माठच. सकाळी भेटलेलं प्रत्येक मूल 'शिकामू' म्हणे. 'आपले पाय धरतो' असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. घरी नातवंडं मला 'हाय' करतात, ते आठवून मनातल्या मनात हसू येई.

भाषेचंही अडलं नाही. गणिताला तिथे 'हेसाबू' म्हणतात. पुस्तक 'किताबू', लेखणी 'कालामू', दुकान 'डुका', पैसा 'पेसा'. अरबी गलबतांबरोबर आणि हिंदुस्थानी व्यापाऱ्यांबरोबर हे शब्द किनाऱ्याला लागले आणि तिथलेच झाले.

कोठीच्या वहीत मात्र दुसऱ्याच आठवड्यात गोम सापडली. दर शुक्रवारी तीन किलो पीठ कमी भरे. बँकेत रोकड एक रुपयाने कमी भरली तरी आम्ही रात्री नऊपर्यंत बसत असू. ती सवय जाते कुठे? मी तिसऱ्या शुक्रवारी दाराशी बसलो. स्वयंपाकघरातल्या मामाने पीठ पिशवीत भरलं आणि मागच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या एका म्हातारीच्या हातात दिलं. मी तडक मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. चोर पकडल्याचा आनंद मला झाला होता, हे कबूल करतो.

बाईंनी मामाला बोलावलं. ती खाली मान घालून म्हणाली, ''ती तिसरीतल्या मुलाची बीबी.'' बीबी म्हणजे आजी. मुलाचे आईबाप गेलेले, पण ही आजी होती, दोन टेकड्या पलीकडे राहणारी. तिच्या घरी पीठ नव्हतं, म्हणून नातू इथे होता. भेटायला यायची ती दोन तास चालत, आणि रिकाम्या पोटी परत जायची.

त्या रात्री झोप लागली नाही. 1972 च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा, तालुक्याच्या वसतिगृहात. आई खडी फोडायला जात असे. आजी आठवड्याच्या बाजाराला यायची. मी ताटातली लाल मिलोची अर्धी भाकरी सदऱ्यात लपवून तिला द्यायचो. वसतिगृहाच्या वहीत ती कमी भरली असेल का?

सकाळी मी मामाची माफी मागितली. तिने हसून चहा पुढे केला. मग बाईंसमोर वही उघडली आणि एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'बीबी'. आम्ही दोघांनी मुलांची यादी काढली. एकोणचाळीसपैकी तेवीस मुलांना आजी, मावशी, कुणी ना कुणी होतं. केवळ गरिबीपायी मुलाला घरच्यांपासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2009 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. बाईंना ते ठाऊक होतं. ''पण देणगीदार घरं बांधायला पैसे देतात,'' त्या म्हणाल्या, ''आजीच्या पिठाला कोण देणार?'' याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. माझ्या पेन्शनीतून वर्षभराचं पीठ निघेल, एवढं मात्र मी तिथल्या तिथे मांडून दाखवलं.

मी निघालो तोवर सात मुलं शनिवार-रविवार घरी जाऊ लागली होती. तो तिसरीतला मुलगा पिशवी डोक्यावर घेऊन फाटकाशी आला. ''बाबू, परत कधी येणार?'' खोटं बोलवेना. ''माहीत नाही,'' म्हटलं. त्याने मान डोलावली, 'शिकामू' म्हणाला आणि टेकडी उतरू लागला. आजीकडे अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.