शेतातल्या बाळंतिणीला रजा कोण देणार?

मुंबई इलाख्यात 1929 साली कारखान्यातील स्त्रियांसाठी प्रसूती-लाभाचा कायदा झाला. बाळंतपणात मजुरी बुडू नये, हा त्याचा हेतू. 1961 साली देशभरासाठी तसा कायदा आला. 2017 पासून पहिल्या दोन मुलांच्या वेळी 26 आठवडे भरपगारी रजा मिळते.

पण ही रजा हजेरीपटावरच्या बाईची. घरच्या शेतात खुरपणाऱ्या सुनेचे नाव कोणत्या हजेरीपटावर असते?

तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पात्र बाईला पहिल्या बाळंतपणाला दोन हप्त्यांत 5,000 रुपये, दुसऱ्या खेपेला मुलगी झाल्यास 6,000 रुपये मिळतात. पैसे तिच्याच खात्यात जमा होतात. दिवस राहताच अंगणवाडीत नाव नोंदवा, वेळेवर तपासणी करून घ्या. आधार कार्ड व बँकेचे पासबुक सोबत न्या. बाकीच्या अटी सेविकेकडून समजून घ्या.

ही रक्कम तिला विसावा मिळावा म्हणून आहे. ती खताच्या उधारीत घालू नका. गाभण गाय विण्याआधी दोन महिने आपण आटवतो, कारण तिचे अंग भरायला हवे. मग सुनेच्या डोक्यावर शेवटच्या महिन्यातही वैरणीचा भारा का? तिची रजा कोणी साहेब मंजूर करणार नाही; ती घरानेच द्यायची आहे.