‘खात नाही’ या तक्रारीचा अर्थ : बालकाची भूक आणि मराठी क्रियारूपे

लहान मूल नीट जेवत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि तीवर भूक वाढविण्याचे नाना उपायही सुचविले जातात. परंतु भूक कशी वाढवावी, या प्रश्नापूर्वी ती कोणत्या प्रकारे मंदावली आहे, हा प्रश्न उपस्थित होतो; आणि त्याचे पहिले उत्तर वैद्याला नव्हे, तर आईच्या बोलण्यात सापडते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तेथे दवाखाना पुष्कळदा दूर असतो, आणि मुलाला तेथे न्यावे की घरीच खाऊ घालावे, याचा निर्णय आईच्या एका वाक्यावर अवलंबून राहू शकतो.

मराठीत हे वाक्य निदान चार रूपांनी बोलता येते : ‘मूल खात नाही’, ‘मूल खाईना’, ‘मुलाला खाववत नाही’ आणि ‘मूल खाईनासे झाले’. चारही रूपांत धातू एकच व निषेधही एकच. तथापि अर्थ चार आहेत. पहिल्यात नेहमीची रीत, दुसऱ्यात चालू क्षणीचा नकार, तिसऱ्यात असमर्थता आणि चौथ्यात पूर्वस्थितीत झालेला बदल सांगितला जातो. या चार अर्थांना बालकाच्या भुकेच्या चार भिन्न अवस्था जुळतात, आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे.

‘खात नाही’ या रीतिवाचक तक्रारीत पुष्कळदा दोष भुकेचा नसून अपेक्षेचा असतो. पहिल्या वर्षात बालकाचे वजन जन्मवेळच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते साधारण अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही त्या मानाने कमी होते, आणि हे स्वाभाविक आहे. दोष कधी अन्नाच्या पातळपणातही असतो. बालकाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 ग्रॅम अन्न मावते. म्हणजे आठ किलोच्या मुलाचे पोट पाव लिटरच्या आतच भरते. 100 मिलिलिटर पेजेत 10 ग्रॅम तांदूळ असेल, तर तीतून सुमारे 35 उष्मांक मिळतात. पोटभर पेज प्यायलेल्या या मुलाला एका वेळी 85 उष्मांकही मिळत नाहीत. उलट एक ते दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 550 उष्मांक लागतात. असे मूल खरोखरच तृप्त होऊन तोंड फिरवते, आणि तरीही उपाशी राहते. येथे भूक वाढविण्याचे औषध नको. अन्न दाट हवे. ते चमच्यावरून ओघळू नये, इतपत घट्ट असावे. त्यात चमचाभर तेल घातल्यास सुमारे 40 उष्मांकांची भर पडते. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ, हा क्रमही राखावा लागतो. मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करण्याच्या दिवसांत आई पहाटेच रानात जाते. त्या दिवसांत मुलाला वेळेवर भरविणारे माणूस घरी आहे किंवा नाही, यावरच हा क्रम टिकणे अवलंबून असते.

‘खाईना’ या रूपात मुलाची इच्छा बोलते. येथे बळजबरी केल्यास नकार अधिक दृढ होतो. अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकत्याच अंगावरून तुटलेल्या 15 मुलांपुढे एकूण 34 साधे, सकस पदार्थ आलटून पालटून ठेवले. दायांनी आग्रह करावयाचा नाही आणि नापसंतीही दाखवावयाची नाही, असा दंडक होता. 1928 व 1939 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : मुलांची निवड दरवेळी लहरी दिसली, तरी त्यांचे पोषण व वाढ उत्तम झाली. मात्र पुढे ठेवलेले सर्वच पदार्थ सकस होते, हे विसरता कामा नये. काय वाढावे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खावे हे मुलाने, असा याचा इत्यर्थ होय. एखादा पदार्थ मुलाने एकदा थुंकून टाकला म्हणून तो नावडता ठरत नाही. पुष्कळदा आठ-दहा वेळा थोडा थोडा पुढे आल्यावरच त्याची गोडी लागते. ‘काऊचा घास, चिऊचा घास’ म्हणून भरविण्याची आपली रीत या दृष्टीने उपकारक आहे. तीत मुलाशी बोलणे आहे, दोन घासांमध्ये विसावा आहे. मात्र मुलाने तोंड मिटल्यावर ती थांबली पाहिजे.

‘खाववत नाही’ हे ज्याला व्याकरणकार शक्य क्रियापद म्हणतात त्याचे निषेधरूप. येथे कर्ता ‘मुलाला’ असा चतुर्थीत जातो, आणि इच्छा असूनही क्रिया घडत नाही, असे भाषाच सुचविते. तोंड आले असेल, घसा दुखत असेल, नाक चोंदले असेल किंवा घास फार मोठा वा कोरडा असेल, तर अशी स्थिती होते. येथे आर्जव निरुपयोगी आहे; अडथळा शोधून तो दूर केला पाहिजे.

‘खाईनासे झाले’ हे चौथे रूप सर्वांत गंभीर होय, कारण त्यात कालपर्यंतच्या स्थितीशी तुलना आहे. हिवताप, न्यूमोनिया, अतिसार यांसारख्या जंतुसंसर्गांत शरीर स्वतःच भूक दाबून टाकते. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी सहकाऱ्यांसह नवजात बालकांच्या घरोघरी शुश्रूषेची पद्धती सिद्ध केली. 39 गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. नवजाताचा जंतुदोष ओळखण्यासाठी या संस्थेने 2005 साली जी सात लक्षणे मांडली, त्यांत पूर्वी नीट असलेले अंगावर पिणे मंदावणे किंवा थांबणे हे एक आहे. लक्षणाचा भार ‘पूर्वी’ या शब्दावर आहे. मूल कमी पिते एवढे पुरेसे नाही. ते पिईनासे झाले, हे महत्त्वाचे.

हेच तत्त्व मोठ्या बालकांच्या ‘भूक चाचणी’त दिसते. दंडाचा घेर 115 मिलिमीटरांहून कमी असलेले, सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित मानले जाते. शांत जागी, आईच्या हातून, बळजबरी न करता त्याला उपचाराचे अन्न दिले जाते. वजनाच्या मानाने पुरेसे अन्न त्याने घेतले आणि अन्य गुंतागुंत नसली, तर त्याचे उपचार गावीच होऊ शकतात. घेतले नाही, तर त्याला रुग्णालयात दाखल करावे लागते. ‘भूक’ या शब्दाचे दोन अर्थ येथे वेगळे करणे अगत्याचे आहे : शरीराला असलेली अन्नाची गरज हा एक, आणि अन्नावरची वासना हा दुसरा. ज्या मुलाची गरज सर्वांत मोठी, त्याचीच वासना कधी पार मावळलेली असते. असे मूल रडत नाही, मागत नाही. त्याचे गप्प असणे समाधानाचे समजले गेल्यास त्याचा जीव धोक्यात येतो.

या जिल्ह्यांत एक भाषिक अडचण आणखी आहे. भामरागड व एटापल्ली या तालुक्यांत अनेक घरांची भाषा माडिया, जिवती परिसरात गोंडी व कोलामी, सिरोंच्याकडे तेलुगू. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकलेली आई चारही अवस्था ‘खात नाही’ या सोप्या रूपातच सांगण्याचा संभव मोठा आहे. तेव्हा अर्थभेद क्रियारूपातून आपोआप मिळणार नाही. तो प्रश्न विचारून मिळवावा लागेल. केव्हापासून खात नाही? आधी किती खात होते? मागते आणि मग टाकते, की मागतच नाही? गिळताना रडते काय? अंगणवाडी सेविकेने हे चार प्रश्न आईच्या भाषेत विचारले, तर दाट पेज, धीर, तोंडाची तपासणी किंवा रुग्णालय, यांपैकी काय हवे ते पुष्कळ अंशी कळेल. माडिया, गोंडी व कोलामी भाषांत या चार अवस्था कोणत्या शब्दांनी सांगतात, याची गावोगाव नोंद करणे हे भाषाविभागांच्या आवाक्यातील काम आहे. आणि त्याचा उपयोग कोशापुरता मर्यादित राहणार नाही.